क्लिअरन्स

एक्स-रेची फिल्म खिडकीच्या उजेडाला धरून
डॉक्टर शिरगुप्पेबाई म्हणाल्या,
इथं फट दिसायला हवी होती.
मी म्हणालो, क्लिअरन्स.
त्यांनी चष्म्यावरून बघितलं. काय करता?
टर्नर. उद्यमनगरात. एकतीस वर्षं लेथसमोर उभा.

कूर्चा फोटोत येत नाही, भूपालराव,
ती आहे हे मोकळ्या जागेवरून ओळखायचं.
तिला रक्त नाही, म्हणून भरून येत नाही.
तिला नस नाही,
म्हणून झिजताना ती काही बोलली नाही.

रिक्षात मी हेच घोळवत होतो.
चालत्या बेअरिंगमधलं तेल तरी कुठं दिसतं?
संपलं की आवाज येतो, मग सगळे येतात धावत,
मालक, फिटर, ज्याचं इंजिन तो.
किती जणांना झापलंय मी:
वेळेवर ग्रीस घालायला काय झालतं रं?

घरी सांगितलं तर गल्लीभर वैद्य निघाले.
निर्गुडीचा पाला. एरंडेल. तांब्याचं कडं.
शेजारचे मुल्लाणीचाचा मायेनं म्हणाले, पायाचं सूप प्या,
आणि लगेच जीभ चावली, अरे, तुम्ही तर जैन.
सरोजिनीनं काही न बोलता
जुना टॉवेल गुंडाळून माझ्या गुडघ्याखाली सरकवला.
दाबा. दहा आकडे. सोडा.
फिजिओच्या पोरीनं तिलाही शिकवलेलं:
मांडी आवळायची, पाय हलवायचा नाही.
एवढंसं काम,
आणि घाम घण मारल्यासारखा.

चढताना एवढं नाही. उतरताना दुखतं.
हे सांगून कुणाला खरं वाटत नाही.
केएमटीची शेवटची पायरी.
बस्तीत सगळे खाली बसतात
आणि मी भिंतीपाशी उभा, ताठ, बाहुबलीसारखा.
फक्त वैराग्य तेवढं नाही.

परवा बाईंना सरळच विचारलं,
झिजला तो पार्ट काढा, नवा टाका, त्यात काय एवढं?
म्हणाल्या, टाकू की. पण तुमचं वय चोपन्न.
नवा सांधाही झिजतो,
आणि दुसऱ्यांदा बदलायचा म्हणजे
हाड कमी, काम जास्त.
तोवर वजन उतरवा. गोळी दुखेल तेव्हा, रोज नको.
एक इंजेक्शन आहे, सांध्यात सोडतात, दाट तेलासारखं,
काहींना सहा महिने बरं जातं, काहींना काहीच नाही.
मी विचारलं, गॅरंटी?
तुम्ही देता का?

नाही देत.
मी म्हणतो, बसवून बघ, चालव,
आवाज आला तर घेऊन ये.

सोमवारी शेड बंद. किल्ली माझ्याकडंच असते.
पापाच्या तिकटीवरून आणलेली काठी इंचभर लांब होती,
कापली. पितळेचा तुकडा चकमध्ये धरला,
टोकासाठी टोपण काढलं, कडा मारल्या.
दुखतो उजवा, काठी डाव्या हातात धरायची,
बाईंनी सांगितलं तेव्हाच पटलं होतं,
भार कुठून कुठं जातो ते मला कळतं.
रिकाम्या शेडमध्ये गुडघा कटकटला
तो पहिल्यांदा नीट ऐकला मी.
वाळू. कोरडी. बारीक.

मंगळवारी तौफिकनं काठी उचलून बघितली,
टोपण बोटानं फिरवलं, मग खिशातला व्हर्नियर लावला,
शिकवलंय तसं.
उस्ताद, जरा ढिलं राहिलंय.

राहिलं नाही, ठेवलंय.
लाकूड आहे ते. पावसाळ्यात फुगतं.
जागा लागते.